घरदुरुस्तीचा खर्च : बंगळुरूत पैसा कुठे जातो आणि कसा वाचतो

बंगळुरू : घराच्या दुरुस्तीचा हंगाम कोणता, असे पुणे, कोल्हापूर वा मुंबईकडील कुटुंबाला विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळते : मे महिना. मृगाच्या आधी कौले शाकारून घ्यायची, गच्चीच्या भेगा बुजवायच्या, पन्हळी साफ करायच्या आणि मग चार महिने पावसाच्या स्वाधीन व्हायचे. हे पिढीजात वेळापत्रक घेऊन बंगळुरूत स्थायिक होणाऱ्यांचा पहिल्या एक-दोन वर्षांतच अपेक्षाभंग होतो. येथे मे हा पावसापूर्वीचा महिना नसून पावसाचाच महिना आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात वळवाच्या सरी एप्रिलमध्येच सुरू होतात. मे महिन्यात सरासरी शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मे २०२५ मध्ये तर तो तीनशे मिलिमीटरच्या पुढे गेला. जून-जुलैमध्ये रिमझिम असते आणि खरा जोर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, त्यातही सप्टेंबरमध्ये असतो. नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातील एखादे चक्रीवादळ पुन्हा आठवडाभर आभाळ भरून आणते. मुंबईत पाऊस याच्या दुपटीहून अधिक पडतो, परंतु तो चार महिन्यांत आटोपतो आणि भिंतींना सुकायला सात-आठ महिने मिळतात. बंगळुरूत पाऊस कमी असला तरी तो वर्षातील आठ महिने अधूनमधून येत राहतो. भिंत पुरती कोरडी होते ती डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. गच्ची, बाहेरची भिंत आणि रंग ही तिन्ही कामे या साडेतीन महिन्यांत बसवली नाहीत, तर तोच खर्च दोनदा करण्याची वेळ येते. त्यातही संक्रांत-पोंगल आणि उगादीच्या सुमारास अनेक मजूर गावी जातात, हे ध्यानात घेऊन काम डिसेंबरमध्येच ठरवून ठेवलेले बरे.

एकच काम, पाचपट खर्च

घरदुरुस्तीवरील खर्चाचा मोठा वाटा या शहरात, शेवटी, नको तेथे शिरलेल्या पाण्यापोटी जातो. यामागील प्रक्रिया समजून घेतली, तर कोणते काम पुढे ढकलता येईल आणि कोणते नाही याचा निवाडा घरमालकाला स्वतः करता येतो.

काँक्रीट मूलतः क्षारधर्मी असते आणि त्या गुणधर्मामुळेच आतील लोखंडी सळई गंजण्यापासून सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा भेगांतून आत शिरू लागले की ही क्षारता कमी होते. सळईला गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने तो आतून काँक्रीटला ढकलतो आणि सळईवरचे आवरण सुटून पडते. छताचे पोपडे पडून सळई दिसू लागते, त्याआधी कित्येक पावसाळे ही प्रक्रिया गुपचूप चालू असते. नेदरलँड्समधील अभियंता डी सिटर यांनी १९८४ मध्ये या खर्चाचे एक गणित मांडले. बांधकाम अभियांत्रिकीत ते पाचाचा नियम म्हणून ओळखले जाते : बांधतानाच नीट काम करण्यासाठी लागणारा एक रुपया वाचवला, तर देखभालीच्या टप्प्यावर पाच रुपये, बिघाड सुरू झाल्यावर पंचवीस आणि मोठ्या पुनर्बांधणीच्या टप्प्यावर सव्वाशे रुपये मोजावे लागतात. हे आकडे काटेकोर मोजमाप म्हणून घ्यायचे नाहीत, परंतु खर्च वाढण्याची दिशा त्यांतून नेमकी कळते.

याची दुसरी बाजू केवळ पैशाची नाही. २७ सप्टेंबर २०२१ रोजी शहरातील लक्कसंद्रा भागातील एक जुनी तीन मजली इमारत कोसळली. तीत मेट्रोच्या कामावरील मजूर राहत होते. इमारत कलत असल्याचे लक्षात येताच रहिवासी बाहेर पडले, म्हणून जीवितहानी टळली.

गच्ची

बंगळुरूच्या घरांची गच्ची सपाट असते आणि तिच्यावर पाण्याच्या टाक्या, सौर बंब, कपड्यांच्या दोऱ्या व कुंड्या यांची दाटी असते. गळतीचे मूळ बहुतेक वेळा गच्चीच्या मध्यभागी नसून कडेला असते. कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात, पाइप स्लॅबमधून खाली उतरतो तेथे, किंवा बंबाचे पाय बसवताना पाडलेल्या भोकांत. या सांध्यांवर सिमेंटचा गोलसर वाटा नीट धरलेला असला आणि पाणी जाण्याच्या वाटा मोकळ्या असल्या, तर अर्धी लढाई जिंकल्यासारखी असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गच्ची झाडून पाण्याच्या तोट्यांतील पालापाचोळा काढणे हे तासाभराचे काम आहे. शहरात झाडे मुबलक आणि पानगळ नेमकी वळवाच्या तोंडावर, त्यामुळे या तासाभराला येथे विशेष मोल आहे.

संपूर्ण गच्चीवर जलरोधक थर देण्याचा प्रस्ताव कंत्राटदार तत्परतेने देतात. तो स्वीकारण्यापूर्वी एक चाचणी स्वतः करता येते. गच्चीवरील पाण्याच्या वाटा बोळे घालून बंद कराव्यात, दोन इंच पाणी साठवावे आणि ते ४८ तास तसेच राहू द्यावे. खालच्या छतावर ओल जेथे प्रथम उमटते तेथे पेन्सिलने खूण करून तारीख आणि वेळ लिहावी. स्लॅबला मोठ्या भेगा असतील किंवा सळई उघडी पडली असेल, तर मात्र पाण्याचा हा भार न टाकता थेट संरचना अभियंत्याला बोलवावे. चाचणीअंती गळती एका कोपऱ्यापुरती आढळली, तर काम त्या कोपऱ्यापुरते करावे. जलरोधक थर दिल्यानंतर शेवटचा हप्ता देण्यापूर्वीही हीच चाचणी पुन्हा घेता येते, आणि घ्यावीच.

भिंतीवरील भेगांबाबत जुन्या अभियंत्यांची एक युक्ती आजही उपयोगी पडते. भेगेच्या आरपार काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून ठेवायची. काही महिन्यांत काच तडकली, तर भेग वाढते आहे आणि प्रश्न पायाचा किंवा सांगाड्याचा असू शकतो. काच शाबूत राहिली, तर भेग गिलाव्यापुरती असल्याची शक्यता अधिक, आणि ती लांबीने बुजवून भागते. तुळईतील किंवा खांबातील तिरकी भेग मात्र काचेची वाट पाहण्याइतकी थांबवू नये.

बसवनगुडी, मल्लेश्वरम यांसारख्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या वस्त्यांत अद्याप काही घरे चुन्यातील भिंतींची, मद्रास टेरेस पद्धतीच्या छताची किंवा मंगळुरी कौलांची आहेत. बासेल मिशनने मंगळुरूत १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू केला आणि ती कौले कोकणापासून म्हैसूर संस्थानापर्यंत पोहोचली. या घरांची दुरुस्ती सिमेंटने करणे हा महागात पडणारा शहाणपणा आहे. चुन्याची भिंत ओल शोषते आणि ती हवेत सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला, की ओल आत कोंडते, विटांना लोणा लागतो आणि पाच-सहा वर्षांत गिलावा थराथराने सुटतो. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागतो. मजुरीही जास्त पडते. तरीही एकूण हिशेब त्याच्याच बाजूने लागतो.

आधी ओल, मग रंग

रंगकाम हा घरखर्चातील सर्वांत दिसणारा आणि म्हणूनच सर्वांत अकारण होणारा खर्च आहे. भिंतीवर डाग पडला की रंगाऱ्याला बोलावले जाते. तो खरवडून, लांबी लावून, दोन हात मारून जातो आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये डाग त्याच जागी परत येतो. कारण रंगाच्या मागे असलेल्या ओलीला कोणी हात लावलेला नसतो.

ओल बाहेरून आली आहे, आतील नळातून झिरपते आहे, की खोलीतील दमट हवा थंड भिंतीवर जमते आहे, हे ओळखण्यासाठी हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील बाजूस थेंब जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस जमले, तर दोष हवा खेळण्याचा आहे. खिडकी उघडी ठेवणे किंवा न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणे एवढेच पुरते. या चाचणीचा खर्च जवळजवळ शून्य असून ती बहुतेक घरांत होत नाही.

रंगाच्या अंदाजपत्रकातही वाव असतो. अनेक ठेकेदार घराच्या चटईक्षेत्राला तीन किंवा साडेतीनने गुणून भिंतींचे क्षेत्रफळ सांगतात. फीत घेऊन मोजल्यास चित्र स्पष्ट होते. दहा बाय बाराच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीच्या चार भिंती मिळून ४४० चौरस फूट भरतात, छत १२०, एकूण ५६०. खोलीचे क्षेत्र १२० असताना हे साडेचारपटीहून अधिक झाले, म्हणजे लहान खोलीत ठेकेदाराचा गुणक त्याच्यावरच उलटतो. मोठ्या दिवाणखान्यात नेमके उलट घडते, कारण तेथे क्षेत्राच्या मानाने भिंती कमी असतात. दारे, खिडक्या आणि भिंतीतील कपाटे वजा केली की फरक आणखी वाढतो. तात्पर्य, गुणकावर भांडत बसण्यापेक्षा प्रत्येक खोली मोजून घ्यावी आणि दर मोजलेल्या चौरस फुटावर ठरवावा.

भाडेकरू : रंगाचा महिना कोणाचा

बंगळुरूत नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळजण भाड्याच्या घरात राहतात, आणि त्यांच्या बाबतीत दुरुस्तीचा प्रश्न अनामत रकमेशी जोडलेला असतो. दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेण्याची येथील जुनी प्रथा प्रसिद्ध आहे. अलीकडे अनेक ठिकाणी ही रक्कम कमी झाली असली, तरी घर सोडताना एक महिन्याचे भाडे रंगकामापोटी कापून घेण्याचा रिवाज कायम आहे. भाडेकरू अकरा महिने राहिला काय आणि पाच वर्षे राहिला काय, कपात तीच. बरे, त्या पैशातून रंग लागतोच असेही नाही.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात या वादाचे सरळ उत्तर आहे. या कायद्याच्या परिशिष्टानुसार इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचे रंगकाम, गरजेनुसार नळाचे पाइप बदलणे आणि विजेच्या वायरिंगची देखभाल ही घरमालकाची जबाबदारी आहे. नळाचे वॉशर व तोट्या बदलणे, सांडपाण्याच्या वाटा साफ करणे, शौचकूप, वॉशबेसिन व गीझरची दुरुस्ती, बटणे, सॉकेट, कुलपे, खिडक्यांच्या काचा व जाळ्या ही कामे भाडेकरूकडे येतात. निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. हा कायदा नमुन्यादाखल आहे. राज्याने तो स्वीकारल्याखेरीज तो बंधनकारक ठरत नाही. तथापि करारनामा करताना हे परिशिष्ट समोर ठेवून कोणते काम कोणाचे, हे लिहून घेण्यास कोणाचीही आडकाठी नाही. रंगाची कपात किती वर्षांच्या वास्तव्यानंतर आणि किती, हेही त्याच वेळी ठरवावे. ताबा घेताना प्रत्येक भिंतीची, नळाची आणि फरशीची तारखेसह छायाचित्रे काढून ती घरमालकाला पाठवून ठेवली, तर घर सोडतानाचे अर्धे वाद उद्भवतच नाहीत.

विकासकाने करायचे काम

नव्या सदनिकेत पहिल्याच पावसात गळती झाली की अनेक कुटुंबे स्वखर्चाने दुरुस्ती करून मोकळी होतात. हा खर्च त्यांचा नसतो. स्थावर मालमत्ता अधिनियम, २०१६, म्हणजे रेरा कायद्याच्या कलम १४ (३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील सांगाड्याचा, कामाच्या दर्जाचा किंवा सोयींचा दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत, कोणतेही शुल्क न घेता, दूर करायचा असतो. तसे न केल्यास ग्राहक भरपाईस पात्र ठरतो. गळकी गच्ची, न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर झिरपणारे पाणी, सुटलेल्या फरशा हे सारे यात बसू शकते. अट एवढीच, की तक्रार मुदतीत आणि लेखी असावी. विकासकाच्या देखभाल कर्मचाऱ्याला तोंडी सांगितलेली गोष्ट पाच वर्षांनंतर कोणालाच आठवत नाही. ताबा मिळाल्याची तारीख पाहून चौथ्या वर्षाच्या अखेरीस सामाईक भागांची तपासणी एखाद्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे आणि त्याचा अहवाल तक्रारीस जोडणे, हा रहिवासी संघांसाठी सर्वांत किफायतशीर खर्च ठरावा.

पाच वर्षांनंतर भार रहिवाशांवर येतो. कर्नाटकात बहुतेक संकुले १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली किंवा संस्था नोंदणी कायद्याखाली संघ स्थापन करतात. महाराष्ट्रासारखी सहकारी गृहनिर्माण संस्थांची घट्ट परंपरा येथे नाही. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्ती व देखभाल निधीत आणि किमान पाव टक्का रक्कम सिंकिंग निधीत जमा करावी लागते. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणीही अपेक्षित असते. बंगळुरूतील संघांना हे बंधन नसले, तरी हिशेबाचा नमुना म्हणून ते उपयोगी आहे. उद्वाहन, जनित्र, बाहेरचा रंग आणि गच्ची यांचा खर्च एकाच वर्षी अंगावर आला की प्रत्येक कुटुंबाकडून एकरकमी वर्गणी मागावी लागते आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांची त्यात सर्वाधिक ओढाताण होते. दरमहा वर्गणी ठरवताना कराचीही नोंद घ्यावी : सदस्यामागे महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंतच्या देखभाल शुल्काला वस्तू व सेवा करातून सूट आहे, त्यापुढे, संघाची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असल्यास, १८ टक्के कर लागतो.

संप, टँकर आणि नळ

बंगळुरूत संप म्हणजे काम बंद नव्हे. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला येथे हाच शब्द आहे आणि ती घरोघरी असते. शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, कित्येक शे मीटर उंच चढवून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, तेव्हा पिण्याचे पाणी वाहने धुण्यास, बागेस वा बांधकामास वापरल्यास पाच हजार रुपये दंड आकारण्याचा आदेश पाणीपुरवठा मंडळाने काढला, आणि टँकरचे दर जिल्हा प्रशासनाला ठरवून द्यावे लागले : पाच किलोमीटरच्या आत ६,००० लिटरला ६०० रुपये, १२,००० लिटरला हजार रुपये. म्हणजे लिटरला आठ ते दहा पैसे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू होऊन दररोज ७७.५ कोटी लिटर पाण्याची भर पडली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये, २०१४ नंतर प्रथमच, पाणीदर वाढले. वापर वाढेल तसा दर चढत जातो, त्यामुळे गळतीमुळे वाढलेले युनिट सर्वांत महाग दराने आकारले जातात.

संपाची गळती डोळ्यांना दिसत नाही. रात्री सर्व नळ आणि संपात पाणी सोडणारी झडप बंद करून संपातील पातळीची खूण करावी व सकाळी पाहावी. पाणी उतरले असेल, तर टाकीला तडा आहे. भूगर्भात जाणाऱ्या त्या पाण्याचे पैसे आपणच भरत आलेलो असतो. शौचालयाच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास थांबावे. पाणी न सोडताही भांड्यात रंग उतरला, तर आतील रबरी झाकण बदलण्याची वेळ आली आहे. सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातूनही महिन्याला काही शे लिटर पाणी वाहून जाते आणि त्यावरचा उपाय बहुधा वॉशर एवढाच असतो. त्याच २०२४ मध्ये पाणीपुरवठा मंडळाने व्यावसायिक जागा व निवासी संकुलांतील नळांना एरेटर नावाची जाळी बसवण्याचा आग्रह धरला. ती घरच्या घरी, पक्कडीशिवायही बसवता येते. कूपनलिकेचे पाणी असेल, तर तिची छिद्रे क्षाराने बुजतात. महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये भिजवावी.

हा क्षार येथील घरांचा आणखी एक गुप्त खर्च आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. कठीण पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर साचतो, वीज अधिक लागते आणि शेवटी कॉइल जळते. टाकीतील मॅग्नेशियमची कांडी गंज स्वतःवर ओढून घेते; ती दर एक-दोन वर्षांनी तपासून झिजली असल्यास बदलली, तर टाकीचे आयुष्य वाढते. गीझर फुकट गेला म्हणून नवा आणण्यापूर्वी या दोन वस्तू पाहाव्यात.

गच्चीवरचे पाणी स्लॅबवर न साठता खाली उतरवणे आणि तेच संपात किंवा जमिनीत सोडणे ही दोन कामे एकाच पाइपाने होतात. कर्नाटकाने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून २,४०० चौरस फुटांवरील जुन्या आणि १,२०० चौरस फुटांवरील नव्या घरांना पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले. ते न करणाऱ्यांच्या पाणीबिलात अधिभार लागतो. शहरातील वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास धरला, तर १,२०० चौरस फुटांच्या छतावर वर्षाला एक लाख लिटरहून अधिक पाणी पडते. त्यातील पाच हिश्श्यांपैकी चार हाती लागले, तरी ते मोठ्या आकाराच्या सात टँकरांच्या बरोबरीचे होते. जयनगरमध्ये पाणीपुरवठा मंडळाने उभारलेल्या संकल्पना उद्यानात गाळणी आणि टाक्यांचे निरनिराळे नमुने मांडलेले आहेत. कंत्राटदाराकडे जाण्यापूर्वी तेथे एक फेरी मारावी.

जेथे काटकसर नको

१९ मे २०२५ रोजी, अतिवृष्टीनंतर, बीटीएम लेआउट परिसरातील एका निवासी इमारतीच्या तळघरात शिरलेले पाणी पंपाने उपसताना विजेचा धक्का बसून दोघांचा मृत्यू झाला. त्यांपैकी एक बारा वर्षांचा मुलगा होता. अशा वेळी जीव वाचवू शकणारे साधन म्हणजे ३० मिलिअँपिअर संवेदनक्षमतेचा आरसीसीबी. विजेची गळती होताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. जुन्या घरांच्या वीजफलकावर तो अनेकदा नसतोच, आणि जेथे असतो तेथे त्यावरील चाचणीचे बटण कोणी दाबत नाही. ते महिन्यातून एकदा दाबावे. भूसंपर्क तार आणि वायरिंगचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. स्वयंपाकाच्या गॅसची नळीही तिच्यावर छापलेली मुदत, म्हणजे पाच वर्षे, उलटली की तडा दिसो न दिसो, बदलावी.

सांडपाण्याच्या टाकीत स्वच्छतेसाठी माणूस उतरवणे स्वस्त पडते, असा समज काही संकुलांत अद्याप आहे. २०१३ च्या कायद्याने ते निषिद्ध असून शिक्षापात्र आहे. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. टाकी यंत्राने उपसण्याचा खर्च ही देखभालीच्या अंदाजपत्रकातील कायमची बाब असली पाहिजे.

मेस्त्रीशी बोलताना

बंगळुरूत गवंडीकामाच्या मुख्य कारागिराला मेस्त्री म्हणतात. मराठीतील मिस्त्री आणि हा शब्द सख्खे भाऊ. दोघेही पोर्तुगीजांच्या मेस्त्रपासून आलेले. मेस्त्री तमिळ, तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असेल आणि मालक मराठी, तेव्हा बोलण्यातील अंतर पैशात मोजावे लागते. म्हणून कामाचा तपशील लिहिलेला हवा : कोणती जागा, किती चौरस फूट, किती थर, कोणत्या नावाचे साहित्य, मलबा कोण उचलणार. ठोक रकमेपेक्षा बाबनिहाय दर मागावेत. साहित्य स्वतः आणता आल्यास उत्तम. विजेच्या सामानासाठी बीव्हीके अय्यंगार रस्ता आणि हत्यारे व सुट्या भागांसाठी एसपी रस्ता हे शहरातील जुने घाऊक पेठांचे पत्ते आहेत. सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट घेऊ नये. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्यापूर्वीच्या दरपत्रकावरून काम ठरत असल्यास फेरविचार मागता येतो. शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता पाण्याच्या चाचणीनंतर, आणि शक्य असल्यास पहिल्या जोरदार सरीनंतर द्यावा. सरळ काम करणारा मेस्त्री याला सहसा नाही म्हणत नाही.

काम निकृष्ट निघाले, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. त्यासाठीही पावती लागते, म्हणून रोखीने आणि बिलाविना मिळणारी सवलत विचारपूर्वक स्वीकारावी. दुरुस्तीसाठी कर्ज काढले असल्यास, जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घरासाठी वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते.

घरातील उपकरणांसाठी शहरात आणखी एक वाट आहे. ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या रिपेअर कॅफेच्या धर्तीवर पूर्णा सरकार आणि अंतरा मुखर्जी यांनी २०१५ मध्ये बंगळुरूत तसाच उपक्रम सुरू केला. मिक्सर, इस्त्री, पंखा, दिवा असे बिघडलेले सामान घेऊन लोक येतात आणि स्वयंसेवकांच्या मदतीने ते दुरुस्त करतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीचा हक्क या नावाचे संकेतस्थळ सुरू केले असून, सहभागी कंपन्यांची सुटे भाग, हमी आणि सेवा केंद्रांविषयीची माहिती तेथे एकत्र मिळते. रिपेअर कॅफेत मात्र वस्तू ठेवून निघून जाता येत नाही. मालकाला स्वयंसेवकाशेजारी बसून, हाती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, बिघाड कोठे होता हे पाहावे लागते.